बकुळीचा चीक

आमची बकुळी व्याली आन् मी वाडीभर डांगोरा पिटला. पिटणारच! गाईचं तिसरं वेत, कास अशी भरलीती की बिचारीला पाय फाकवून चालावं लागत होतं. "चीक न्यायला भांडी पाठवा," म्हणून दारोदार मीच सांगून आले. शेजारची झुंबर म्हणाली, "मुक्ते, तुजी गाय तुज्या तोंडानंच लय दूध देती." माजं डोस्कं फिरलं. म्हणलं, थांब, तुजं पातेलं काठोकाठ भरून न्हाई पाठवलं तर नाव सांगणार न्हाई.

संध्याकाळी कास पार रिकामी केली. शेवटचा थेंब निघस्तवर सड सोडला न्हाई. माज्या सासूची शिकवणच ती, कासंत ठेवलं तर गाय आटती. घरोघर चीक गेला, समद्यांच्या चुलीवर खरवस शिजला. तरी झुंबर मेली सकाळच्या धारंसाठी पातेलं पडवीत ठेवून गेलीच.

सकाळी गोठ्यात गेले तर बकुळी बसलेली. मान वळवून कुशीला टेकवलेली, डोळे अर्धे मिटलेले. कानाला हात लावला तर गारढोण. "आवो, धावा!" मी मालकांना हाक मारली. "बकुळी चालली माजी!"

मालकांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. समीक्षा नाव तिचं, पोरगेलीच, पवनानगरहून स्कुटीवर येती. त्यात रविवार, धरणाकडं निघालेल्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. ती येईस्तवर मी समद्या पर्यटकांचा उद्धार केला.

आल्या आल्या तिनं इचारलं, "मावशी, काल किती पिळलीत?"

"समदी!" मी ऐटीत म्हणलं.

ती रागावली न्हाई. पेंढ्याची पोती गाईच्या कुशीला लावता लावता म्हणाली, "व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम दुधात उतरतं. सगळं पिळलं की ते आणखी ओढलं जातं. मग पायातला जोर जातो. हृदयालाही तेच लागतं, मावशी."

मानेच्या शिरेत सुई गेली. मालकांनी बाटली उंच धरली. डॉक्टरीणबाई गाईच्या पुढच्या पायाच्या कोपरामागं ठोके ऐकायची नळी लावून बसली आन् बाटलीच्या नळीवरची चकती फिरवून औषध थेंब थेंब सोडायला लागली.

"आगं पोरी, सोड की भराभरा! जनावर मरायला टेकलंय!"

"घाई केली तर औषधच हृदय बंद पाडतं. चकतीला हात लावू नका."

शिकलेल्यांची नाटकं, दुसरं काय! ती दुसरी बाटली कोमट पाण्यात ठेवायला वळली तेवढ्यात मी बाटलीच्या नळीवरची चकती सैल केली. मालक "आगं आगं" करतायत तोवर बकुळीनं एकदम सुस्कारा टाकला न् मान टाकली.

समीक्षा झेपावली. चकती बंद केली, कान लावला, तिचा चेहरा उतरला. "कुणी सोडली?"

"मी," म्हणलं.

तिनं जरा वेळ ऐकलं, मग कानातली नळी काढून माज्या कानात घातली. आत धप्प झालं. मग काईच न्हाई. मी वाट बघतीय, पुढचा ठोका काय येईना. आला तवा मी मटकन शेणातच बसले. "बकुळे, माजे बाय, चुकलं गं माजं," म्हणून ढसाढसा रडले.

ठोके पुन्हा सरळ लागल्यावर थेंब सुरू झाले. मी गाईच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजत राह्यले. मालक म्हणाले, "डॉक्टरीणबाई, हिचं तोंड बंद व्हायचं औषध कोणच्या बाटलीत हाय?" एरवी मी सोडलं असतं व्हय त्यांना!

बाटली संपत आली तशी बकुळीचं अंग थरथरलं. तिनं मोठ्ठी ढेकर दिली, मग शेण टाकलं. त्या शेणाला बघून मला जो आनंद झाला, तो सोन्याच्या दागिन्यानंबी झाला नसता. जरा वेळानं मागचे पाय झाडून बकुळी उभी राह्यली. वासरू लगेच सडाला भिडलं.

"दोन दिवस पूर्ण पिळायची नाही," समीक्षा म्हणाली. "वासराला पाजा, थोडंसं काढा, बाकी कासेत राहू द्या."

तेवढ्यात दारात झुंबर. "झाली का गं धार? माजं पातेलं?"

पातेलं उचललं, पदरानं पुसलं. रिकामं भांडं परत द्यायची आमच्यात रीत न्हाई म्हणून गुळाचा खडा टाकला आन् तिच्या हातात दिलं.

"एवढंच?"

"एवढंच. माज्या गाईचं काळीज तुज्या पातेल्यात न्हाई वतायचं मला."

झुंबरनं माजे सुजलेले डोळे बघितले, शेणानं भरलेलं लुगडं बघितलं, गोठ्यातली रिकामी बाटली बघितली. मला वाटलं, आता लावतीय टोमणा. पर ती पातेलं घेऊन आत आली, गूळ काढला आन् बकुळीच्या तोंडापुढं धरला.

"खा गं बाय," म्हणाली. "तुजी मालकीण येडी हाय. आन् मी तिच्याहून येडी."

बकुळीनं तिचा समदा हात चाटला. वासराच्या तोंडाला फेस आलाता, तरी कासंत अजून दूध होतं.