दोन टेबलांमधलं अंतर

दादाकडे कोट एकच होता. दुसराही होता कधीकाळी, पण ज्याच्याजवळ दोन आहेत त्याने एक द्यावा असं शास्त्रात आहे, म्हणून तो त्याने बसथांब्यावर कुडकुडणाऱ्या कुणा परक्या माणसाच्या अंगावर घातला आणि स्वतः नाक पुसत घरी आला. शास्त्रात आहे म्हणजे आहे. त्याचा अर्थ लावत बसणारी माणसं दादाला लबाड वाटत.

उरलेल्या कोटाची डागडुजी त्याची धाकटी बहीण करायची. ती कपडे शिवून संसाराला हातभार लावणारी बाई. आईवडील गेल्यावर दादानेच तिला वाढवलं होतं आणि ओळींवरून बोट फिरवत वाचायला शिकवलं होतं, तेही त्या एकाच ग्रंथातून. त्यामुळे दादावर तिचा जीव होता, आणि ग्रंथावरही. पुढे जे झालं ते म्हणूनच तिला जड गेलं. ज्याचं काहीच पटत नाही त्याच्याशी भांडायला काय लागतं?

दादा त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतला मुख्य वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांतला पहिला होता. या मंडळीत लिहिलेल्याचा काना-मात्रा कुणी हलवत नसे. जग सहा दिवसांत झालं म्हणजे सहाच दिवसांत, आपल्या भिंतीवरच्या घड्याळाने मोजावेत तसल्या. बायकांनी सभेत गप्प राहावं म्हणजे इतकं गप्प, की शिंक आली तरी बाई रुमालात तोंड खुपसून लाल व्हायची. विचारायचं असेल ते नवऱ्याला घरी विचारावं.

शिवणवालीची मुलगी शाळेत शिक्षिका होती आणि रविवारी मंडळीतल्या लहान मुलांचा वर्ग घ्यायची. एका चिमुरडीने तिला विचारलं, सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर आधीचे तीन दिवस कशावरून मोजले? ती म्हणाली, "मला माहीत नाही. कदाचित ते आपल्यासारखे दिवस नसतील."

झालं. मंडळीच्या कारभाऱ्यांची बैठक बसली. दादाने तिला शब्द मागे घ्यायला सांगितलं, एकदा नव्हे, काकुळतीला येऊन पुन्हा पुन्हा. "मला माहीत नाही हे खरं आहे, मामा," ती म्हणाली. "खरं मागे कसं घेऊ?" तिला मंडळीबाहेर काढलं गेलं. आणि बाहेर काढलेल्याबरोबर जेवूसुद्धा नये, असंही लिहिलेलं आहेच.

नोकरीमुळे ती दुसऱ्या गावी राहायची आणि रविवारी फक्त वर्गापुरती येऊन जायची, त्यामुळे तोवर हा प्रश्न घरात शिरला नव्हता. सुट्ट्या लागल्या आणि ती येते म्हणाली, तसा दादा बहिणीच्या दारात हजर झाला.

"तिला घराबाहेर ठेवा असं कुठं लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "राहू दे खुशाल. फक्त टेबल वेगळं." बहिणीचा नवरा सुतार, त्यामुळे टेबल कुठून आणायचं हा प्रश्नच नव्हता. त्याने मान खाली घालून चार दिवस रंधा मारला आणि एका माणसापुरतं टेबल केलं. दादाने स्वतः येऊन दोन टेबलांमध्ये वीत धरून पाहिली. एवढं अंतर असलं की टेबलं दोन झाली. एखादी वाटी द्यायची झाली तर हातात द्यायची नाही, काठावर ठेवायची आणि तिने उचलायची.

मुलगी आली. टेबलाकडे पाहिलं, एकुलत्या खुर्चीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बाबा, पॉलिश झकास झालंय." मग बसली. तिचं तोंड भिंतीकडे होतं.

आईबाप मोठ्या टेबलाशी बसले. प्रार्थना झाली. मुलीने मीठ मागितलं. आईने मिठाची वाटी उचलली आणि सवयीने हात पुढे केला, तसं नवऱ्याने हलकेच खाकरलं. तिने वाटी काठावर ठेवली. मुलीने ती उचलली आणि वळून "थँक्यू" म्हणाली, एखाद्या दुकानदाराला म्हणावं तसं. पोटच्या पोरीच्या तोंडचा तो थँक्यू आईच्या जिव्हारी लागला.

तिने एका हातात आपलं ताट घेतलं, दुसऱ्या हाताने खुर्ची ओढली आणि छोट्या टेबलाशी जाऊन बसली. जागा कुठली? दोन ताटं एकमेकांवर चढली.

"अगं, दादाला कळेल," नवरा म्हणाला.

"कळू दे. मीच कळवणार आहे."

"सभेत तुला बोलता येत नाही."

"ते मी बघते."

मुलगी कावरीबावरी झाली. "आई, नको ना. तुलाही काढतील."

"खाली बघ आणि जेव. गार होतंय."

मोठ्या टेबलाशी सुतार एकटा राहिला. तो बराच वेळ ताटातला घास इकडून तिकडे करत होता.

रविवारी उपासनेत, प्रभुभोजनाची भाकर मोडण्याआधी, दादाने नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाच्या मनावर काही ओझं असेल तर उभं राहून सांगावं." पुरुषांकडे पाहूनच तो हे विचारायचा. बायकांच्या बाजूने बाक करकरला. त्याची बहीण उभी होती.

"खाली बस," दादा म्हणाला. ती बसली नाही, बोललीही नाही. बाईने बोलू नये एवढंच लिहिलेलं आहे, उभं राहू नये असं कुठं आहे? तिने पुढचा बाक घट्ट धरला. दादाने दुसऱ्यांदा सांगितलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. आजूबाजूच्या बायका आपापल्या नखांकडे बघू लागल्या.

दादापुढे पेच पडला. तिला विचारता येत नव्हतं, आणि विचारल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "दाजी, तिला घरी विचारा काय म्हणणं आहे ते."

सुतार उठला. "विचारून झालंय, दादा. ती लेकीच्या टेबलावर जेवली. म्हणते, उद्याही जेवणार."

"आणि तुम्ही?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. या बाबतीत त्याच्या भरवशावर ती उभीच राहिली नव्हती.

"मी मोठ्या टेबलावर एकटा होतो," सुतार म्हणाला. "घास उतरला नाही. आज सकाळी मधे फळी ठोकून दोन्ही टेबलं जोडली. आता घरात टेबल एकच आहे."

दादाचा चेहरा पांढरा पडला. पण तो दादा होता. परक्याला कोट देताना जो डगमगला नाही, तो बहिणीला बाहेर काढतानाही डगमगला नाही. फक्त निर्णयाचे शब्द म्हणताना त्याला मधेच थांबून पाणी प्यावं लागलं.

उपासना संपेपर्यंत ती बाहेर पायऱ्यांशी थांबली. बोचरा वारा होता. माणसं तिला वळसा घालून जात होती. दादाही तसाच जाणार होता, पण ती आडवी आली. इथे सभा नव्हती, त्यामुळे तोंड उघडायला तिला कुणाची हरकत नव्हती.

"बाही उसवली आहे तुझी. कोट दे इकडे."

"तुला आजच बाहेर काढलंय, अगं."

"जेवायला मनाई आहे. शिवायला आहे का? दाखव कुठं लिहिलंय."

दादाने आठवून पाहिलं. त्याला सगळं पाठ होतं, आणि त्यात हे नव्हतं. त्याने मुकाट्याने कोट काढून दिला आणि नुसत्या सदऱ्यावर अंग आखडून उभा राहिला. "उद्या कुणाच्या तरी हाती पाठव. दुसरा नाही माझ्याकडे."

"ठाऊक आहे मला," तिने कोटाची घडी करून छातीशी धरली. "पाठवणार नाही मी. घरी येऊन घेऊन जा. आम्ही जेवायला बसतो त्या वेळेला ये."