ओढ्याकाठचा दिव्यांचा मनोरा

मित्रांनो, मी एक दगडी मनोरा. सास्तूरच्या पुढे एका ओसाड गावठाणात उभा आहे. पाथरवटांनी मला काळ्या दगडात घडवले. पणत्या ठेवण्यासाठी माझ्या अंगाला चहूकडून दगडी हात काढले. अंधार पडला की गावकरी त्यांवर पाय देत वर चढत आणि दिवे लावत. बाजाराहून परतणारी माणसे माझ्या उजेडाच्या रोखाने घरी येत.

त्र्याण्णव सालच्या भूकंपात गाव पडले, मला तडा गेला. गाव दूर नव्या जागी वसले. माझ्यावर पुन्हा तेल पडले नाही. माणसे दिसेनाशी झाली, याचेच मला जास्त वाईट वाटे.

गेल्या वर्षी शिवप्रियाबाई शाळेची मुले घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "प्राचीन काळी इजिप्तजवळच्या फॅरोस बेटावर उंच दीपगृह होतं. त्या बेटाच्या नावावरून इटालियन लोक आजही दीपगृहाला 'फारो' म्हणतात. आपला 'मनोरा' शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ, उजेडाची जागा."

माझ्या नावाचा अर्थ मला तेव्हा कळला. पण दुसऱ्याच दिवशी रस्त्यासाठी मला पाडायला यंत्र आले.

"दिवा तर लागत न्हाय. ठेवून काय करायचं?" सरपंच महालिंगप्पा म्हणाले.

जवळच म्हाताऱ्या मथुराबाई शेळ्या चारत होत्या. त्या पुढे आल्या.

"सरपंच, जरा थांबा. भूकंपाच्या आधीची गोष्ट हाय. ओढ्याला लई पूर आला व्हता. आमचे मालक रातच्या अंधारात मेंढरं घेऊन पलीकडं अडकले. मला सातवा महिना व्हता, तरी म्या वर चढून दिवे लावले. उजेड बघून त्यांना गाव कुठं अन् पूल कुठल्या अंगाला, ते कळलं. पाण्यात न उतरता ते वरच्या पुलाकडं वळले."

"बिराप्पाकाका? हे कधी बोलला न्हाईत, काकू?"

"कुणी इचारलंच न्हाय, बाबा."

महालिंगप्पांनी यंत्र परत पाठवले. रस्ता थोडा वळवला. गवंड्याने माझ्या तड्यात चुना भरला, तेव्हा मथुराबाई दिवसभर माझ्या सावलीत बसून होत्या.

मित्रांनो, जुने काही पाडण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. त्या दिवशी मथुराबाई शेळ्या घेऊन दुसरीकडे गेल्या असत्या, तर मी आज रस्त्याखालची खडी झालो असतो.