स्तामेनाकाकूंचा माग

झ्लातार डोंगराखालच्या आपल्या गावात वुकोमानने नवी कथा वाचून दाखवली. विषय नेहमीचाच होता, मरत चाललेलं गाव. बेलग्रेडच्या फ्लॅटमध्ये बसून तो वीस वर्षं यावरच लिहीत होता. स्तामेनाकाकूंच्या हातमागाची खटखट कायमची थांबते, त्या ओळीला तो स्वतःच रडला.

वाचन संपल्यावर श्रोत्यांत बसलेल्या स्तामेनाकाकू म्हणाल्या, "रडलास छान. पण माग घेऊन जा म्हणून तुला तीनदा फोन केला होता. घरात बसत नाही म्हणालास."

"ते कथेत बसत नव्हतं, काकू."

"म्हणून कोंबड्यांना दिला. त्या बसतात त्यावर."

सगळे हसले. वुकोमानही हसला. मग लाजेखातर तो खुराड्यात शिरला आणि दिवसभर मागावरची विष्ठा खरवडत बसला. दुसऱ्या दिवशी काकूंनी ताण्याचे उभे धागे लावून दिले आणि त्याला विणायला बसवलं. संध्याकाळपर्यंत वीतभर पट्टी झाली, तीही वाकडी.

काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली. "तू कथाच लिही, बाबा."

आयुष्यात पहिल्यांदाच वुकोमानला एखादी टीका मनापासून पटली.