फारोपुढं ठेवलेला मसातो

झोइला मुरायारीनं सकाळपासून तिसरा काथ्या घेतला, तरी होडीच्या बुडाचा काळा राप निघायचं नाव घेईना. बोटाला लागला की साबणाला दाद देत नाही, आणि घास तोंडाशी नेला की त्याचाच वास. शी! वरच्या अंगाला तेलाची पाइपलाइन फुटली त्याला आठ महिने झाले होते. अजून मासे पोट वर करून येत होते. नातीच्या, नेलीच्या, मांड्यांवरचे फोड सुकायचे आणि पुन्हा चिघळायचे. दर गुरुवारी तेल कंपनीची बोट घरटी दोन पिंपं गोडं पाणी टाकून जायची, त्यावर गाव तगलं होतं.

भावाचा मुलगा आब्दियास काठावरून खाली आला. गावाचा मुख्य तोच, अपू म्हणायचे त्याला.

"आत्ये, पावन्याला प्यायचा मसातो मुरला का? कंपनीचा विंजनेरसाहेब येतोय. संगती पाळकबी हाय."

"पाळक कशाला? कोन मेलं?"

"न्हाई गं. कागदावर गावाचा शिक्का पायजे त्यास्नी. नदी साफ झाली म्हून. मंग शाळेच्या छपराला पत्रे देनार हायत."

"आन गुरुवारची बोट?"

आब्दियास पायानं चिखल उकरत राहिला.

"बोल की! दातखीळ बसली का?"

"नदी साफ म्हनल्यावर बोट कशाला यील, आत्ये?"

"मेल्या, पोरीच्या मांड्या बघितल्यास का कधी? पत्र्याखाली बसून फोड खाजवंल व्हय ती?"

"समद्या गावाला पत्रे पायजेत. मी एकटा काय करू?"

झोइलानं काथ्या पाण्यात आपटला. काळे शिंतोडे त्याच्या धुतल्या सदऱ्यावर उडाले. तिला बरंच वाटलं.

दुपारी सभेच्या छपराखाली गाव गोळा झालं. इंजिनिअर वाल्दिव्हिएसो बाटलीतलं पाणी पीत बसला होता, आणि त्याच्याच बोटीतून आलेला पाळक घाम पुसत उपदेश करत होता.

"बायबलातल्या ईयोबाचं सगळं गेलं. गुरं गेली, लेकरं गेली, अंगभर गळवं आली. तरी त्यानं देवाला बोल लावला नाही. मिसर देशात नदीचं रक्त झालं, मासे मेले, पाण्याला दुर्गंधी सुटली. का? माणसाच्या पापामुळं! तुम्हीही अंतःकरण तपासा, बंधूंनो."

 

"पाळकबाबा, येक इचारू?" झोइला उठली. "मिसरात पाप कुनाचं व्हतं?"

"फारो राजाचं. त्यानं गरीब लोकांना गुलाम केलं होतं."

"मंग इथला फारो कोन? आमच्यात तर कुनाकडं धड चप्पल न्हाई. आन फारो बाटलीतलं पानी पीत हुता का वो?"

छपराखाली खसखस पिकली. म्हातारा नोल्बेर्तो तर खोकेपर्यंत हसला.

पाळक बायबलची पानं चाळायला लागला. इंजिनिअरनं बाटली पायामागं सरकवली.

"काकू, तुमच्या भावना समजतात आम्हाला," म्हणत त्यानं कागद वाचला. नदीचं पाणी पूर्ववत झालं असून पिण्यास योग्य आहे, अशी ग्रामस्थांची खात्री आहे, वगैरे. आब्दियासनं पिशवीतून शिक्का काढला.

"थांब की, अपू," झोइला म्हणाली. "पावन्यानं अजून मसातो कुठं घेतलाय?"

रीत सगळ्यांना ठाऊक. युकाचे, म्हणजे साबुदाणा होतो त्या झाडाचे, कंद उकडून बायांनी चावायचे, पाण्यात मुरवायचे, आणि पाहुण्यानं कटोरा रिकामा केल्यावरच गावाचा शब्द पक्का. नाकारला तर गावाच्या तोंडावर थुंकल्यासारखं. इंजिनिअर मुरलेला गडी, असले कटोरे त्यानं डोळे मिटून कितीतरी रिचवले होते. बायकांच्या थुंकीची किळस गिळायचा पगारच होता त्याला. त्यानं हसत कटोरा उचलला.

"घ्या पोटभर," झोइला म्हणाली. "नदीच्याच पान्यातला हाय. तुमच्या कागदात लिवलीया त्याच नदीच्या."

कटोरा ओठाशीच थांबला. सगळं गाव त्या ओठांकडं बघत होतं.

"माझं... पोट जरा ठीक नाही," असं म्हणून त्यानं तो खाली ठेवला. मग झोइलानं पाळकापुढं दुसरा धरला. पाळकाला एकाएकी उपास आठवला.

आब्दियास त्या दोन भरल्या कटोऱ्यांकडं बघत राहिला.  शिक्का त्यानं पिशवीत टाकला आणि नाडी आवळून गाठ मारली.

"पत्रे नकोत का तुम्हाला?" इंजिनिअर तडकला.

"पावन्यानं मसातो घेतला न्हाई, सायेब. शिक्का कसा मारू?"

नोल्बेर्तोनं मान डोलावली. पत्र्यासाठी हटून बसलेलेही उठून आपापल्या घराकडं चालू लागले.

बोट वळणाआड गेल्यावर झोइलानं इंजिनिअरचा कटोरा उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"आत्ये! अगं, मरशील!"

"कशानं? गुरुवारच्या बोटीचं पानी हाय. नेलीच्या वाट्याचं घातलंया मी. पावना कसलाबी असू दे, त्याला नदी पाजीन व्हय मी?"

आब्दियास खाली बसला. हसावं की रडावं त्याला कळेना.

"ती लोकं परत येतील, आत्ये. दुसरा कागद घेऊन."

"येऊ देत. फारोला धा पीडा लागल्या तवा कुठं अक्कल आली," ती म्हणाली. "ही तर पयलीच."

दुसरा कटोरा त्याच्या हातात देऊन ती काथ्या घेऊन पुन्हा होडीकडं गेली.