माझ्या पोटात किती उरलंय?

मी गॅसचा सिलिंडर बोलतोय. कारखान्यात मला लोखंडी पत्र्यातून घडवलं, गळ्यावर आकडे ठोकले आणि पोटात काहीतरी भरलं. हलवलं की ते डुचमळतं. तोटी उघडली की वारा होऊन जातं. ते पाणी की वारा, मला आजवर उमगलेलं नाही. किती उरलं, हे तर मुळीच नाही. माणसं मात्र मलाच विचारतात, तेही बडवून.

एकोणीसशे शहात्तर साली मी कराडला हंबीररावांच्या घरी गेलो. ते पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. गॅस आला त्याच दिवशी त्यांनी चूल फोडली. महिन्याभरानं त्यांची म्हातारी आई, बनुबाई, वडूजहून राहायला आली. ती गॅसवरचं खाईना. आठ दिवस तिनं शेंगा, गूळ आणि दुधावर काढले. नवव्या दिवशी म्हणाली, "आज ह्या टाकीवरची भाकरी खाते. मधीच इझली, तर मी वडूजला चालले. मग न्यायला येऊ नगा."

सून रंगूबाई घाबरली. दुसरी टाकी यायला पंधरा दिवस होते. तिनं मला वाजवून पाहिलं. वर ठण्, खालीही ठण्. तिला कळेना. मलाही.

हंबीररावांनी मला उचललं. "हलकी लागतीया. म्हंजे गॅस ठासून भरलाय."

"आवं, आली तवा जड हुती की."

"तवा मला ताप हुता."

"पर हलकी म्हंजे भरलेली कशी?"

"फुगा भरल्यावर जड हुतो का? पलटणीत असल्या शंभर टाक्या बघितल्यात."

हवालदार खोटं कशाला बोलेल? पण अंगात भरल्यासारखं वाटत नव्हतं. मी गोंधळलो.

बनुबाई उंबऱ्यावरून उठली. तिनं ओलं फडकं माझ्या अंगावरून फिरवलं आणि समोर बसून राहिली. जरा वेळानं माझं वरचं अंग वाळलं. तळाशी दोऱ्याएवढी ओल राहिली.

"रांजणात पाणी जितकं, तितका त्यो भाईरनं गार. हेबी तसंच हाय. हंबीर, पलटणीत रांजण नव्हता व्हय रं?"

हंबीररावांनी फडकं उचलून दोरीवर टाकलं.

"रंगू, तीन-चार हुतील. भाजी ऱ्हाऊ दे. भाकरी थाप बिगीनं."

ती गप्प बसती, तर टाकी मध्येच विझली असती आणि तिचंच खरं झालं असतं. ती का बोलली, हेही मला कळलं नाही.

तिसरी भाकरी फुगली आणि जाळ गेला. बनुबाईनं दीड भाकरी खाल्ली. "बरी हाय," एवढंच म्हणाली. पुढचे पंधरा दिवस हंबीरराव शेजारच्या चुलीवरची भाकरी मान खाली घालून खात होते.

मग केरबा गाडीवाला नवा सिलिंडर ठेवून मला न्यायला आला. बनुबाईनं त्याला दारात गाठलं.

"ह्याच्या फुडली कवा आणशील?"

"सांगता येत न्हाई, आजी."

"दसऱ्याच्या आत आण. मला देवीच्या कडाकण्या तळायच्यात."

आता मी सांगलीत एका खानावळीत उभा आहे. इथंही मला बडवतात. बडवून काही कळत नाही, एवढं ध्यानात ठेवा. आणि कधी कराडला गेलात, तर हंबीररावांच्या घरी कडाकण्या झाल्या का, तेवढं विचारून या.