वजा सतरा

मी एक जुनी रांग आहे, मित्रांनो. माणसांची नव्हे, दवाखान्यातल्या संगणकाच्या प्रोग्रॅममधली. आजही वजाचं चिन्ह दिसलं की मी आधी माणसं मोजून घेते.

मला एका ताईने घडवलं. आकड्यांची बेरीज-वजाबाकी संगणकाला येतेच, पण रांगेची कशी करायची ते तिने मला शिकवलं. रांग अधिक माणूस म्हणजे माणूस शेवटी उभा. रांग वजा तीन म्हणजे पुढचे तिघे आत. ताई स्वतःवरच खूश! मात्र हे तिने कुठे लिहून ठेवलं नाही. "एवढं काय, कुणालाही कळेल," म्हणाली. पुढे ती नोकरी सोडून गेली. नऊ वर्षं मी बिनबोभाट राबले.

मग मला सांभाळायला चष्मेवाला दादा आला. कुणी मधूनच घरी गेलं तर त्याचं नाव काढायची सोय त्याने केली. त्याला वाटलं, वजा सतरा म्हणजे सतरा नंबरवाला वजा. त्याची चूक मला कळली. पण मला तोंड कुठे होतं सांगायला?

एके सकाळी डॉक्टर यायच्या आधीच सतरा नंबरचे आजोबा वैतागून निघून गेले. नर्सबाईंनी 'रद्द' दाबलं. आणि मी पुढची सतराच्या सतरा माणसं आत गेली असं धरून त्यांची नावं पुसली! डॉक्टर आले आणि पडद्यावर झळकला अठरा नंबर. चार नंबरची चिमुरडी आईच्या मांडीवर धापा टाकत होती, ओठ निळे पडत चालले होते. माझ्याकडे तिचं नावच उरलं नव्हतं.

"अहो, आमचा चार नंबर!" आई ओरडली.

"तुम्ही तर आत जाऊन आलात, असं दाखवतंय."

"आत्ता काय दाबलंत?"

"सतरा रद्द केला फक्त."

"अगं बाई! हे माझंच वजा!"

ती माझी ताई होती. लेकीला उचलून ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत धावली. मला विचारत बसली असती तर? नकोच तो विचार.

मुलीला ऑक्सिजन लागला, ओठांवर रंग आला. मग ताईने दादाकडून प्रोग्रॅम उघडून घेतला आणि वजाशेजारी एक ओळ लिहिली : 'पुढून इतके जण आत. हा नंबर नव्हे.' तेवढ्यात लेकीने हाक मारली आणि ती उठली.

मित्रांनो, चिन्हाला नवा अर्थ द्याल तर तो लिहून ठेवा हो. अधिकच्या चिन्हाशेजारी अजून काहीच लिहिलेलं नाही; अधिक म्हणजे सगळ्यांच्या शेवटी उभं, हे दादाला कुठे ठाऊक? उद्या दुसरी खिडकी उघडतेय, आणि दादा म्हणतोय, "दोन रांगांची बेरीज करून टाकू, त्यात काय एवढं!"