झाकून ठेवलेला टीव्ही

मित्रांनो, गेली तीन वर्षं माझ्यावर एक निळी चादर टाकलेली आहे. तिच्याखाली मी आहे, एक जुना, अठ्ठावीस इंची टीव्ही. मी बिघडलेलो नाही. आजही बटण दाबलं तर लागेन. पण या घरात मला कोणी हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे.

कारखान्यात माझा उजेड मुद्दाम भडक ठेवला होता. दुकानात वीस टीव्ही एका रांगेत असतात आणि गिऱ्हाईक सगळ्यांत लख्ख दिसणाऱ्यापाशीच थांबतं. जपानातल्या नोशिरो गावचे बसचालक तेत्सुओ असेच माझ्यापाशी थांबले. मला घरी आणल्यावर त्यांनी गल्लीभर सांगितलं, की आमच्यासारखं चित्र कुणाकडे नाही. मी फुशारून गेलो. उजेड कमी करायचं बटण माझ्याच अंगावर होतं. ते कधी कोणी फिरवलं नाही.

त्यांची मुलगी नात्सुए नऊ वर्षांची. हिवाळ्यात आमच्याकडे बर्फ खिडकीपर्यंत चढतो आणि सगळं घर एका बुटक्या टेबलाभोवती राहतं. टेबलाखाली शेगडी, वरून जाड रजई. नात्सुए रजईत गळ्यापर्यंत शिरायची, हनुवटी टेबलावर टेकायची आणि संत्री सोलत मला बघायची, अगदी हातभर अंतरावरून. तिची आई मिसाओ 'मागे सरक' म्हणायची, पण मागे थंडी होती.

एका संध्याकाळी तिची आवडती चित्रमालिका चालू होती. समुद्राखालच्या लढाईत स्फोट झाला आणि माझ्या काचेवर लाल-निळा उजेड भराभर उघडमीट करू लागला. जेमतेम पाच सेकंद. मला वाटलं, काय झकास दिसतोय मी! तेवढ्यात नात्सुएचे डोळे फिरले आणि हातपाय झटके देऊ लागले. तेत्सुओ तिच्या दातांत चमचा घालायला धावले. मिसाओनं त्यांचा हात धरला, मुलीला कुशीवर वळवलं आणि माझी वायर ओढली.

डॉक्टरांनी अपस्मार आहे म्हणून सांगितलं. काही जणांच्या मेंदूला असा लुकलुकता उजेड सोसत नाही. गोळी चुकवू नका, आंघोळीला एकटी सोडू नका, आणि शाळेत, मैत्रिणींच्या घरी सांगून ठेवा, असं ते म्हणाले. शेवटचं सोडून या घरानं सगळं ऐकलं.

"उद्या हिच्या लग्नाची बोलणी निघाली की लोक सात पिढ्या उकरतील," तेत्सुओ म्हणाले. "फिट येते हे बाहेर फुटलं, की संपलं."

"अहो, नऊ वर्षांची आहे ती."

"म्हणूनच. आत्तापासून तोंड बंद ठेवायचं."

गोळीबद्दल कोणी विचारलं तर ताकदीची आहे म्हणायचं, असं त्यांनी नात्सुएला शिकवलं. मुलगी हुशार, लगेच शिकली. माझ्यावर चादर पडली आणि सगळ्यांना वाटलं, दुखणं गेलं. मिसाओ रोज न्हाणीघराच्या दाराशी बसून लेकीला गाणी म्हणायला लावायची, आवाज येत राहावा म्हणून. चार महिने काही झालं नाही, तेव्हा ती बसायची थांबली.

पुढचं मला कळलं ते नात्सुएची मैत्रीण युकारी हिच्या आईकडून. ती फुलं घेऊन आली आणि माझ्यासमोरच गुडघ्यांवर बसली. त्या दुपारी नात्सुए त्यांच्याकडे टीव्ही बघत होती. गाण्यांचा कार्यक्रम होता, दिवे लखलखत होते. अचानक नात्सुएचा हात उडाला आणि चहा सांडला. ती क्षणभर शून्यात बघत राहिली. मग टेबल पुसत हळूच म्हणाली, "काकू, आईला नका ना सांगू. ती मला परत येऊ देणार नाही."

काकूंना वाटलं, पोर सांडलेल्या चहाला घाबरली. त्यांनी सांगितलं नाही. नात्सुए घरी आली, तीही बोलली नाही. जेवणाआधी नेहमीसारखी आंघोळीला गेली. आमच्याकडे न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या टाक्यात उतरून बसतात; टाकं खोल असतं, पाणी गळ्यापर्यंत. मी चादरीखालून ऐकत होतो. गाणं नव्हतंच. मिसाओनं दोनदा हाक मारली, मग ती धावली. तोवर उशीर झाला होता.

"मला एक शब्द बोलला असतात," युकारीची आई म्हणाली, "तर टीव्ही बंदच ठेवला असता मी. तिला हाताला धरून घरी आणून सोडलं असतं."

मिसाओनं तेत्सुओंकडे पाहिलं. ते फुलं उचलून आत घेऊन गेले.

मित्रांनो, दिवा लावून, लांब बसून टीव्ही बघा. लुकलुकता उजेड डोळ्यांना खुपला, तर एक डोळा हातानं झाका आणि तोंड फिरवा. आणि तुम्हाला काही झालं तर सांगा. घरचे नको म्हणाले तरी सांगा. तुम्ही सांगाल, याची मात्र मला खात्री नाही. मोठी माणसंच सांगत नाहीत.

नात्सुए गेली त्या आठवड्यात तिचा सगळा वर्ग भेटायला आला होता. तीस मुलं या खोलीत दाटीनं बसली. तेत्सुओंनी त्यांना सांगितलं, पाय घसरून पडली. त्या तिसांतही एखादं मूल असेल, ज्याला हाच त्रास आहे आणि गप्प राहायला सांगितलेलं आहे. तेही इतरांसारखंच उठून, वाकून नमस्कार करून घरी गेलं असेल.